चुंबक, तार आणि सोनाराचा काटा : इलेक्ट्रॉनला बसणारा धक्का घरी मोजायचा कसा

माझा भाचा बारावीला आहे. सुट्टीत आमच्याकडे आला की जेवताना प्रश्न विचारायची त्याला खोड. परवा आमटी वाढून घेता घेता म्हणाला, "मामा, चुंबकाचा जोर इलेक्ट्रॉनवर लागतो म्हणतोस, मग हलते ती तार कशी? इलेक्ट्रॉन तर आत मोकळे फिरतायत ना?" मी सवयीने डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना काटकोनात धरून दाखवली, क्षेत्र, प्रवाह आणि बल यांच्या दिशा सांगणारा डाव्या हाताचा नियम. तो म्हणाला, "ते कुठल्या दिशेला ते झालं. कोण ढकलतं ते सांग."

बोटं खाली केली आणि ठरवलं, हे तोंडाने सांगण्यापेक्षा काट्यावर मोजूनच दाखवू. पुढच्या रविवारी आम्ही ते केलं. तुम्हालाही करता यावं म्हणून सगळं लिहितोय. जोडणीला एक दुपार पुरते. हिशेबाला मात्र डोकं शांत हवं, तो जेवणानंतर लगेच करू नका.

सामान

मुख्य वस्तू म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सोनार खिशात ठेवतात तसा. ५०० ग्रॅम क्षमतेचा घ्या. २०० चा चालतो, पण चुंबकांचं वजन धरता काठावर येतो.

चुंबक फेराइटचे, काळे, आयताकृती : ५० मिलिमीटर लांब, २० रुंद, ५ जाड. असे दोन. निओडिमियमचे चकचकीत चुंबक जोरदार असतात, पण ते एकमेकांवर आपटून तुटतात, बोट सापडलं तर रक्त काढतात आणि घरात लहान मूल असेल तर गिळण्याची भीती असते. या कामाला फेराइट भरपूर झालं. चुंबक बसवायला लोखंडी पट्टीचा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला तुकडा लागतो. पट्टी ५० मिलिमीटर रुंद आणि ३ जाड, आतली फट ३० मिलिमीटर. आम्हाला पट्टी पुण्याच्या जुन्या बाजारात भंगारात मिळाली (बुधवार किंवा रविवार गाठा) आणि ग्रिल करणाऱ्याने चहा होईस्तोवर वाकवून दिली.

तार १८ गेजची, वाइंडिंगची. मोटारी भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात हातभर तुकडा मिळतो. तिचा व्यास १.२२ मिलिमीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १.१७ चौरस मिलिमीटर. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. घरातल्या वायरिंगची बारीक धाग्यांची वायर नको, ती लोंबते.

वीजपुरवठ्याला यूपीएसमधली १२ व्होल्टची बंद बॅटरी. प्रवाहाला लगाम म्हणून कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब, होल्डरसकट. एलईडी नको, जुना तारेचाच बल्ब हवा. असे दोन घ्या. शिवाय १० अँपिअरचा कारचा फ्यूज, चिमटे आणि पिवळा स्वस्त मल्टिमीटर. हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्ली ते पासोड्या विठोबा एवढ्या टापूत एका फेरीत होतं. दुचाकी मात्र लांब लावा आणि चालत जा.

भिंतीतल्या २३० व्होल्टला या प्रयोगात कुठेही हात लावायचा नाही. आणि बॅटरीची दोन टोकं बल्बशिवाय थेट तारेने जोडायची नाहीत. एवढीशी दिसणारी ती बॅटरी क्षणात तार लाल करते.

जोडणी

पट्टीच्या आतल्या दोन्ही बाजूंना एकेक चुंबक चिकटवा. ते लोखंडाला आपोआप धरतात. फटीत आता २० मिलिमीटर जागा उरते. समोरासमोर विरुद्ध ध्रुव आले पाहिजेत. ओळखायचं असं : चुंबक हातात असताना जे दोन चेहरे एकमेकांना ओढतात, तेच फटीकडे. आमच्याकडे भाच्याने घाईत एक उलटा लावला आणि पाऊण तास काटा ढिम्म. सारखे ध्रुव समोरासमोर आले की फटीच्या मध्यावर क्षेत्र जवळपास शून्य होतं. पाऊण तास आम्ही बॅटरीला दोष देत होतो.

माझी चूक याच्याही आधीची. मी लोखंडी पट्टी थेट काट्याच्या ताटलीवर ठेवली. त्या ताटल्या बहुधा स्टीलच्या असतात आणि आजूबाजूला स्क्रूही असतात. चुंबक त्यांना ओढतो आणि काटा मनाला येईल ते दाखवतो. उपाय सोपा : ताटलीवर आठ-दहा सेंटिमीटर उंच थर्मोकोलचा ठोकळा आणि त्यावर पट्टी, तोंड वर करून. काटा ठीक आहे का हे पाहायचं असेल तर २०११ च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ठेवा, ३.७९ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं. मग ते नाणं लांब ठेवा. आपली स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात.

आता तार. फूटभर तुकडा काढून तो लाटण्याखाली फिरवून सरळ करा. दोन्ही टोकांचं लाखेसारखं आवरण पॉलिश पेपरने खरवडून तांबं उघडं करा. हे आवरण फसवं असतं. रंग तांब्यासारखाच, त्यामुळे उघडं झाल्यासारखं वाटतं आणि झालेलं नसतं. काट्याच्या दोन बाजूंना पुस्तकांच्या दोन चळती लावा आणि तार फटीच्या मधोमध, फटीच्या लांबीला समांतर, आडवी राहील अशी दोन्हीकडे टेपने पक्की करा. तार चुंबकाला, पट्टीला, थर्मोकोलला, कशालाही शिवता कामा नये. सगळा प्रयोग या एका गोष्टीवर उभा आहे. चुंबक काट्यावर, तार बाहेर टेकलेली, मध्ये फक्त हवा.

बॅटरीचं धन टोक, फ्यूज, बल्ब, मल्टिमीटर, तार आणि परत बॅटरीचं ऋण टोक असा एकच फेरा. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला आतून फ्यूज नसतो, म्हणून आकडा पाहा, लिहा आणि फेरा तोडा. पंखा बंद करा. पुण्यातल्या उन्हाळ्यात ही सर्वांत अवघड पायरी आहे, पण पंख्याच्या वाऱ्याने ०.०५ ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात.

मोजणी

फेरा तोडलेला असताना काटा शून्यावर आणा. मग जोडा. आमच्याकडे मीटरवर १.७ अँपिअर आले आणि काट्यावर ०.६० ग्रॅम. कुणी कशाला स्पर्श केलेला नाही, तरी चुंबकाचं "वजन" अर्ध्या ग्रॅमहून जास्त वाढलं. भाचा ताटातला लाडू विसरून काट्याकडे बघत होता, हे मुद्दाम नोंदवतो.

बॅटरीची टोकं उलटी केल्यावर उणे ०.५९. दुसरा बल्ब पहिल्याला समांतर जोडला, तर ३.३ अँपिअर आणि १.१७ ग्रॅम. प्रवाह जवळपास दुप्पट, बलही जवळपास दुप्पट.

इथे एक गोंधळ हमखास होतो. काट्याचा आकडा वाढला म्हणजे तारेवरचं बल खालच्या दिशेने आहे, असं वाटतं. नाही. काटा चुंबकाचं वजन करतोय. चुंबक खाली दाबला जातोय, म्हणजे तार वर ढकलली जातेय, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने. डाव्या हाताचा नियम लावून पाहायचा तर तारेसाठी लावा आणि उत्तर उलटं वाचा.

आता चळती हलवून तार फटीत थोडी तिरकी करा, आडवीच, पण चुंबकाच्या लांबीशी कोन करून. आकडा फारसा हलत नाही. याचं कारण मजेशीर आहे. कोन झाल्याने बल कमी होतं, पण तिरकी तार फटीतून जाताना जास्त लांब असते आणि हिशेब जवळपास फिटतो. क्षेत्राच्याच दिशेने, म्हणजे एका चुंबकाकडून दुसऱ्याकडे तार नेली, तर बल शून्य होतं. एवढ्याशा फटीत ते नीट जमवता येत नाही, आम्ही नाद सोडला.

ग्रॅमवरून इलेक्ट्रॉनकडे

०.६० ग्रॅम म्हणजे ०.०००६ किलो, गुणिले ९.८, म्हणजे ०.००५९ न्यूटन. बल म्हणजे चुंबकीय क्षेत्र गुणिले प्रवाह गुणिले लांबी. चुंबकातली लांबी ०.०५ मीटर, प्रवाह १.७. भागाकार केल्यावर फटीतलं क्षेत्र ०.०६९ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) येतं. दुसऱ्या नोंदीवरून ०.०७० च्या जरासं खाली. खरं तर क्षेत्र चुंबकाच्या काठांबाहेर थोडं सांडलेलं असतं, तेव्हा शेवटचा अंक फार मनावर घेऊ नका. तुलनेला, पुण्यात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. आपल्या फटीतलं त्याच्या सतराशे पट.

आता तारेच्या आत. एक घनसेंटिमीटर तांबं ८.९६ ग्रॅमचं. ६३.५ ग्रॅम तांब्यात अणू ६०२ वर २१ शून्यं इतके, आणि प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. त्रैराशिक मांडलं की एका घनमिलिमीटरात ८५ वर १८ शून्यं इतके मोकळे इलेक्ट्रॉन येतात. आपल्या तारेचा छेद १.१७ चौरस मिलिमीटर, म्हणून तारेच्या दर मिलिमीटर लांबीत जवळजवळ बरोब्बर १ वर २० शून्यं. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार, म्हणजे चार्ज, १.६ भागिले १ वर १९ शून्यं, इतके कुलंब (प्रभाराचं एकक). म्हणजे तारेच्या एका मिलिमीटरमध्ये १६ कुलंब फिरता प्रभार भरलेला आहे.

हा आकडा हातात आला की बाकी सगळं तोंडी होतं. १.७ अँपिअर म्हणजे दर सेकंदाला १.७ कुलंब पुढे सरकले पाहिजेत. एका मिलिमीटरमध्ये १६ असतील, तर सेकंदाला ०.१०७ मिलिमीटर सरकलं की पुरे. एवढाच त्यांचा पुढे जाण्याचा सरासरी वेग, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात. एक मीटर तार पार करायला अडीच तासांहून जास्त. लक्ष्मी रस्त्यावर गणपतीच्या आदल्या दिवशी चारचाकी घालून पाहा, साधारण कल्पना येईल. बटण दाबताच बल्ब लागतो तो इलेक्ट्रॉन धावत पोचतात म्हणून नाही. सगळी रांग एकदमच सरकायला लागते म्हणून.

याचा अर्थ इलेक्ट्रॉन आळशी आहेत असा मात्र नाही. तांब्यातले वेगवान इलेक्ट्रॉन सेकंदाला दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असतात, प्रवाह चालू असो वा नसो. चुंबक त्यांनाही ढकलतोच. पण जितके डावीकडे धावतात तितकेच उजवीकडे, म्हणून त्या धक्क्यांची बेरीज शून्य. उरतं ते सेकंदाला दहावा भाग मिलिमीटर एवढं सगळ्यांचं मिळून सरकणं, आणि काट्याला कळतं तेवढंच.

चुंबकातल्या ५० मिलिमीटर तारेत मिळून ८०० कुलंब. गुणिले वेग ०.०००१०७ मीटर, गुणिले क्षेत्र ०.०६९. उत्तर ०.००५९ न्यूटन, काट्यावरचंच. कुणी चाणाक्ष म्हणेल, क्षेत्र याच नोंदीवरून काढलं, मग उत्तर जुळणारच. खरं आहे. इथे आपण नियम सिद्ध करत नाही, एकाच बलाची इलेक्ट्रॉनांत वाटणी करतोय. नियमाची परीक्षा प्रवाह दुप्पट केला तेव्हाच झाली.

वाटणी केली तर ५ वर २१ शून्यं इतक्या इलेक्ट्रॉनांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला येणारं बल न्यूटनमध्ये लिहायला दशांशचिन्हानंतर तेवीस शून्यं द्यावी लागतात, मग ११८. क्षुल्लक वाटतं? त्या इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या वजनाच्या ते एक लाख तीस हजार पट आहे.

मग तार का हलते

आता भाच्याचा मूळ प्रश्न. गंमत अशी की हाच प्रश्न खूप मोठ्या माणसांना पडलेला आहे. वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडणाऱ्या मॅक्सवेलने लिहून ठेवलं होतं की बल वाहकावर लागतं, त्यातल्या प्रवाहावर नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला शिकणाऱ्या एडविन हॉलला ते पटेना. प्रवाहच ढकलला जात असेल तर तो वाहकाच्या एका बाजूला दाटला पाहिजे, आणि दोन बाजूंत व्होल्टेजचा फरक दिसला पाहिजे, असं त्याने मांडलं. १८७९ मध्ये काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याने तो फरक मोजला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती.

आपल्या तारेत तेच घडतं. प्रवाह सुरू होताच चुंबक इलेक्ट्रॉनांना, समजा, वर ढकलतो. ते तारेच्या वरच्या कडेला किंचित दाटतात आणि खालची कड तितकीच धन होते. या दोन कडांमध्ये उभं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते मागच्या इलेक्ट्रॉनांना खाली ओढतं. क्षणार्धात ही ओढ आणि चुंबकाचा धक्का सारखे होतात. त्यापुढे इलेक्ट्रॉन सरळ वाहत राहतात.

पण तांब्याचे अणू धन प्रभार घेऊन जागच्या जागी बसलेले आहेत. ते सरकत नाहीत, म्हणून चुंबक त्यांना ढकलत नाही. ते उभं विद्युतक्षेत्र मात्र त्यांनाही लागू आहेच. इलेक्ट्रॉनांना ते खाली ओढतं, म्हणजे धन अणूंना वर ओढतं, आणि तेही नेमक्या तेवढ्याच जोराने. अणू जाळीत घट्ट अडकलेले, म्हणून जाळी वर जाते, म्हणजेच तार वर जाते. चुंबक इलेक्ट्रॉनला ढकलतो आणि इलेक्ट्रॉन आपल्या प्रभाराने तारेला ओढून नेतो. लोकलच्या डब्यात मोकळी माणसं एका बाजूला रेटली गेली की डब्याच्या भिंतीला धक्का बसतो तसं म्हणता येईल, फक्त इथे भिंतीला खांदा कुणी लावत नाही. सगळा व्यवहार विजेच्या ओढीतून.

हे व्होल्टेज आपल्या तारेत मोजता येईल का? वेग गुणिले क्षेत्र गुणिले तारेची जाडी, म्हणजे ९ नॅनोव्होल्ट. पिवळ्या मीटरला दिसणारा सर्वांत छोटा आकडा ०.१ मिलिव्होल्ट. अकरा हजार पटींनी कमी पडतो. म्हणून तर हॉलला वर्ख घ्यावा लागला. छेद जितका पातळ तितका इलेक्ट्रॉनांचा वेग जास्त. अर्धवाहकात, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थात, मोकळे प्रभार मुळातच कमी, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला ते कितीतरी जोरात पळतात आणि व्होल्टेज मोजण्याजोगं होतं. ई-स्कूटरच्या मुठीत बसलेला हॉल सेन्सर तेच करतो.

आणखी एक. ऋण प्रभार डावीकडे जाणं आणि धन प्रभार उजवीकडे जाणं, दोन्हींत तारेवरचं बल एकच येतं, कारण चिन्ह आणि दिशा दोन्ही एकदम उलटतात. म्हणजे आपल्या काट्यावरून आत नेमकं काय वाहतंय, धन की ऋण, हे कधीच कळणार नाही. कोणती कड धन झाली ते पाहिलं तरच कळतं.

कामाचा हिशेब कुणाच्या नावे

चुंबकाचं बल नेहमी वेगाला काटकोनात असतं, त्यामुळे ते काम करत नाही, असं पाठ्यपुस्तक सांगतं. आणि इथे तार मोकळी सोडली तर चक्क वर उचलली जाते. वजन उचललं म्हणजे काम झालं. मग पैसे कुणी भरले?

बॅटरीने. तार वर जाऊ लागली की तिच्यातले इलेक्ट्रॉनही तिच्याबरोबर वर जाऊ लागतात. या वर जाण्याच्या वेगावरही चुंबकाचं बल लागतं, आणि त्याची दिशा तारेच्या लांबीला समांतर, प्रवाहाच्या विरुद्ध असते. प्रवाह चालू ठेवायचा तर बॅटरीला हा विरोध मोडून काढावा लागतो. तार उचलण्यात जेवढी ऊर्जा गेली, तेवढीच बॅटरीतून जास्तीची जाते. चुंबक नुसता मध्यस्थ, एका दिशेचा जोर दुसरीकडे वळवून देणारा.

हा विरोध स्वयंपाकघरात ऐकू येतो. मिक्सरमध्ये खोबऱ्याची कोरडी चटणी जास्त भरली आणि पातं अडकलं, की आवाज घुसमटतो, जळका वास येतो आणि बुडाचं लाल बटण बाहेर पडतं. मोटार फिरत असताना हाच विरोध प्रवाहाला आवर घालत असतो. फिरणं थांबलं की आवर गेला, प्रवाह भसकन वाढला आणि संरक्षक बटणाने फेरा तोडला. बटण लगेच दाबू नका, मोटार निवू द्या आणि अर्धी चटणी काढून घ्या.

चुंबकाशिवाय

सामान काढलंच आहे, तर अजून दहा मिनिटं द्या. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या सेंटिमीटरभर रुंद, ४० सेंटिमीटर लांब दोन पट्ट्या कापा. त्या उभ्या, सैल, एकमेकींपासून ५ मिलिमीटरवर टांगा. वरच्या टोकांतून फेरा असा जोडा की प्रवाह एकीतून खाली आणि दुसरीतून वर जाईल, म्हणजे खालची टोकं एकमेकांना जोडायची. दोन्ही बल्ब लावा. पट्ट्या एकमेकींपासून दूर फुगतात. जोडणी बदलून प्रवाह दोन्हींतून एकाच दिशेने नेला, की जवळ येतात. चुंबक कुठेच नाही. एका पट्टीतल्या सरकत्या प्रभाराने केलेलं क्षेत्र दुसरीतल्या सरकत्या प्रभाराला ढकलतंय.

१९४८ पासून २० मे २०१९ पर्यंत अँपिअरची व्याख्याच यावर होती : निर्वात जागेत एक मीटर अंतरावरच्या दोन लांब, समांतर तारांत दर मीटरला एका न्यूटनच्या एक कोटीव्या भागाच्या दुप्पट बल निर्माण करणारा प्रवाह. आता ती इलेक्ट्रॉनच्या प्रभारावरून ठरते. वीज उपकेंद्रातल्या जाड पट्ट्या भक्कम इन्सुलेटरवर आवळलेल्या असतात, त्यालाही हे एक कारण आहे. १० सेंटिमीटरवरच्या दोन पट्ट्यांतून शॉर्टसर्किटमध्ये १० हजार अँपिअर गेले, तर दर मीटरला वीस किलोच्या वजनाएवढा धक्का बसतो.

फॉइल जोडताना चिमटे हलक्या हाताने लावा, टोक फाटतं. टोकाला दोन-तीन घड्या घातल्या तर टिकतं. बल्ब तापलेले असतात, त्यांना लगेच हात लावू नका. आणि बॅटरी ११.५ व्होल्टच्या खाली गेली की थांबा. आमची तेवढी उतरली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि भाचा पुढचं विचारत होता : तारच नसेल, नुसते इलेक्ट्रॉन असतील तर? त्याला म्हटलं, मग त्यांना ओढायला जाळी नाही, ते चुंबकीय क्षेत्रात गरगर फिरत राहतात आणि प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरले तर रेडिओलहरी सोडतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या अवकाशातल्या अशाच लहरी ऐकत बसल्यात. तिथे कधी जायचं, ते आता तो ठरवतोय.